शहर आजारी पडलंय हे आधी कोणाला कळतं?

मागच्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलवर निम्म्या पोरांची पोटं बिघडली. 'निम्म्या' हे नंतर मोजल्यावर कळलं. त्या वेळी प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलंच बिघडलंय. कोणी टपरीवरच्या भुर्जीला दोष दिला, कोणी रात्रभर जागून ढोसलेल्या चहाला, आणि माझ्या रूम पार्टनरने व्हायवाच्या टेन्शनला. तीन दिवस हे असंच चाललं. चौथ्या दिवशी गेटसमोरचे मेडिकलवाले काका दुकान पोरावर सोडून स्वतः रेक्टर सरांकडे आले आणि म्हणाले, "सर, माझ्याकडचं ओआरएस आणि जुलाबाच्या गोळ्या संपल्या. एरवी महिनाभर पुरतात. तुमच्या पाण्याकडे जरा बघा." बी-विंगच्या टाकीचं झाकण सरकलेलं होतं. आत काय सापडलं ते इथे लिहीत नाही, लोक हे मासिक मेसमध्ये जेवताना वाचतात.

गंमत बघा. सरांकडे रजिस्टर होतं, मेसमध्ये ताटांचा हिशेब होता, आणि आम्ही दोनशे भावी इंजिनिअर एकाच संडासाच्या रांगेत उभे होतो. तरी कोणालाच कळलं नाही. कळलं ते गोळ्या विकणाऱ्या माणसाला.

हे आठवण्याचं कारण म्हणजे माझा सेमिनार. विषय घेतला होता सेन्सर नेटवर्कचा, आणि उदाहरण म्हणून अमेरिकेची 'बायोवॉच' योजना. शहरावर कोणी रोगजंतूंचा हल्ला केला तर हवेतूनच ते पकडायचे, अशी ही योजना. मी उत्साहाने पंप, फिल्टर, पीसीआर वगैरे सांगत होतो. आमच्या गाईड मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, "सेन्सर ठीक आहे रे. पण अलार्म वाजल्यावर पुढे कोण काय करणार, ते सांग." मला सांगता येईना. मग महिनाभर लायब्ररीत आणि नेटवर बसून जे वाचलं, ते इथे मांडतोय.

आधी मिलवॉकी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे मोठं शहर. १९९३ च्या वसंत ऋतूत तिथल्या चार लाखांवर लोकांना जुलाब झाले. हल्ला नव्हता, अपघात होता. जलशुद्धीकरण केंद्रातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळातून घरोघर पोचला. या जंतूला क्लोरीनचं फारसं काही वाटत नाही, त्यामुळे फिल्टर हाच खरा अडसर, आणि नेमकं तिथेच काम बिघडलं होतं. आता आपल्या कामाचा मुद्दा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या मीटरवर आकडे चढलेले दिसत होते. नोंद होत होती. पण पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. आरोग्य खात्याला जाग आली ती ५ एप्रिलला. शाळांमधले शिक्षक आणि मुलं, हॉस्पिटलांमधले कर्मचारी मोठ्या संख्येने गैरहजर होते, आणि औषधांच्या दुकानांतून जुलाबाची औषधं संपत चालली होती. म्हणजे मीटरने खरं सांगितलं होतं, पण ते ऐकायला कोणी नव्हतं. शेवटी कळलं ते हजेरीच्या वहीतून आणि मेडिकलच्या गल्ल्यावरून! आमच्या काकांची गोष्ट जगात पहिली नाही, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं.

हा झाला अपघात. मुद्दाम केलेला हल्ला तरी लगेच ओळखू येतो का? दुसरी गोष्ट आपल्या जवळची आहे, कारण तिचं एक टोक पुण्याच्या कोरेगाव पार्कात आहे. तिथला आश्रम सोडून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांच्या अनुयायांनी ओरेगन राज्यात वास्को काउंटीत एका प्रचंड रँचवर अख्खं गाव वसवलं. स्थानिक लोकांशी भांडणं सुरू झाली. नोव्हेंबर १९८४ मध्ये काउंटीची निवडणूक होती. आश्रमाच्या कारभाराच्या प्रमुख मा आनंद शीला आणि त्यांच्या जवळच्या काही जणांनी डोकं लढवलं की विरोधातले मतदार त्या दिवशी आजारी असले तर आपले उमेदवार निवडून येतील. मग रंगीत तालीम म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'द डॅल्स' या गावातल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले गेले. ७५१ माणसं आजारी पडली, ४५ जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

आता हे वाचा. आजार साल्मोनेलाचा आहे हे लगेच कळलं. तो सॅलड बारमधून आला हेही कळलं. मोठमोठे साथरोगतज्ज्ञ येऊन तपास करून गेले. आणि निष्कर्ष काय, तर रेस्टॉरंटमधल्या कामगारांनी हात नीट धुतले नसावेत! एक वर्ष सगळे हेच धरून चालले. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आश्रम सोडून गेल्यावर खुद्द रजनीशांनीच पत्रकार परिषद घेऊन तिच्यावर आरोप केले, मग पोलीस आत शिरले आणि आश्रमाच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. म्हणजे हल्लेखोरांचं आपापसात फाटलं नसतं तर हा हल्ला आजही 'अस्वच्छ हात' या शीर्षकाखाली फाइलबंद असता.

मित्रांनो, बॉम्ब आणि जंतू यांच्यात फरक आहे तो इथे. बॉम्ब फुटला की वेळ, जागा आणि आवाज, तिन्ही लगेच कळतात. पोलीस आणि ॲम्ब्युलन्स एकाच चौकात येतात. जंतू टाकला तर त्या चौकात काहीच घडत नाही. लोक तिथून जातात, लोकल पकडतात, घरी जातात, सिनेमा बघतात. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, आठवड्याने एकेक जण आपापल्या डॉक्टरकडे जातो आणि प्रत्येक डॉक्टरला फ्लूचा एक पेशंट दिसतो. हल्ला कुठे झाला याचं उत्तर तोवर दोनशे पत्त्यांवर विखुरलेलं असतं.

आणि घड्याळ चालू असतं. अँथ्रॅक्सचंच घ्या. त्याचे बीजाणू श्वासातून आत गेले की लक्षणं दिसायला साधारण काही दिवस लागतात, कधीकधी काही आठवडेसुद्धा. या मधल्या काळात साध्या प्रतिजैविकांच्या गोळ्या सुरू केल्या तर माणूस बहुधा वाचतो. आजार पुरता भिनल्यावर मात्र भारी औषधं आणि व्हेंटिलेटर असूनही निम्म्यापर्यंत माणसं जातात. तयारी, तयारी म्हणतात ती शेवटी या मधल्या दोन-चार दिवसांसाठीच असते.

अमेरिकेची खरी परीक्षा २००१ मध्ये झाली. ११ सप्टेंबरनंतर आठवडाभरातच कोणीतरी अँथ्रॅक्सची पूड भरलेले लिफाफे टपालाने वर्तमानपत्रांना, टीव्ही कंपन्यांना आणि नंतर दोन सेनेटरांना पाठवले. एकूण २२ जणांना लागण झाली, ५ जण मेले. पहिला पेशंट फ्लोरिडातला. २ ऑक्टोबरच्या पहाटे ६३ वर्षांचे रॉबर्ट स्टीव्हन्स तापाने बरळत हॉस्पिटलात आले. तिथले संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिला. त्यात मोठाले दांड्यासारखे जिवाणू होते. दुसरा कोणी म्हणाला असता, नमुना बाटलीतच खराब झाला असेल. बुश यांच्या डोक्यात अँथ्रॅक्स आलं. नमुना जॅक्सनव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशाळांच्या जाळ्यातली ही एक होती आणि तिथल्या तंत्रज्ञाने हीच तपासणी करायचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. ४ ऑक्टोबरला अँथ्रॅक्स असल्याचं जाहीर झालं. ५ ला स्टीव्हन्स गेले.

स्टीव्हन्स वाचले नाहीत, पण देश जागा झाला. आणि तो कोणत्याही यंत्रामुळे नव्हे. एका डॉक्टरचा संशय आणि एका तंत्रज्ञाचं ट्रेनिंग, एवढ्यावर हे काम झालं. दोन्हींना मिळून लागलेला खर्च किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

पण पुढचं वाचून मात्र डोकं फिरतं. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सेनेटर डॅशल यांच्या कार्यालयात लिफाफा उघडला गेला. तिथल्या लोकांना ताबडतोब गोळ्या मिळाल्या, तपासण्या झाल्या. तोच लिफाफा ज्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून वाटला गेला होता तिथलं काम मात्र २१ ऑक्टोबरपर्यंत चालूच राहिलं. का? तर चिकटवलेल्या लिफाफ्यातून पूड बाहेर येणार नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आता हे गृहीतक कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला दाखवा, तो हसेल. टपाल वेगळं करणारं यंत्र दर तासाला हजारो लिफाफे पट्ट्यांमधून दाबून ओढतं. लिफाफा दाबला की आतली हवा बाहेर पडते. कागदाला छिद्रं असतात आणि बीजाणू त्या छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक. वर ही यंत्रं साफ करायला कॉम्प्रेस्ड हवेचा फवारा मारायची पद्धत! म्हणजे पूड उडवायचं यंत्र मुद्दाम बनवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. ब्रेंटवूडमधले दोन टपाल कर्मचारी मेले. ते केंद्र साफ करून पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २००३ उजाडलं.

डॉक्टरांना जंतू माहीत होता, टपालवाल्यांना यंत्र माहीत होतं. दोघांना एका खोलीत बसवायचं कोणाला सुचलं नाही. मला विचाराल तर २००१ चा सगळ्यात मोठा धडा हाच आहे, आणि तो कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही.

(हे लिफाफे पाठवणारा कोण? तपास वर्षानुवर्षं चालला. एफबीआयने शेवटी ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञावर ठपका ठेवला. तो लष्कराच्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत अँथ्रॅक्सच्या लशीवरच काम करत होता. आरोप दाखल व्हायच्या आधीच जुलै २००८ मध्ये त्याने आत्महत्या केली, त्यामुळे कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही. २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही म्हटलं की निव्वळ शास्त्रीय पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं की काय, हे त्यामुळे कायमचं अर्धवट राहिलं.)

आता माझं लाडकं बायोवॉच. जानेवारी २००३ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी त्याची घोषणा केली. (हे बुश वेगळे, ते डॉक्टर बुश वेगळे!) तिसाहून जास्त शहरांत हवा ओढणारे पंप बसवले. पंप दिवसभर हवा ओढतो, हवेतले कण फिल्टरवर अडकतात, माणूस गाडी घेऊन येतो, फिल्टर काढतो, नवा लावतो आणि जुना प्रयोगशाळेत पोचवतो. तिथे पीसीआर करून ठराविक जंतूंचा डीएनए आहे का ते बघतात. जंतू हवेत सोडल्यापासून रिझल्ट हातात येईपर्यंत १२ ते ३६ तास. ज्याला 'सेन्सर' म्हणतात तो खरं तर व्हॅक्युम क्लीनर आहे आणि खरं डोकं प्रयोगशाळेत आहे, हे समजल्यावर माझ्या ब्लॉक डायग्रामची अर्धी हवा गेली. तरी १२ ते ३६ तास वाईट नाहीत. पेशंट दिसायच्या आधी इशारा मिळत असेल तर काय हवं? हजारो जीव वाचतील.

अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्याला सेकंड इयरच्या एम-थ्रीमध्ये शिकवतात. समजा, (आकडे माझे, हिशेबाच्या सोयीसाठी) देशभर ६०० यंत्रं आहेत आणि रोज प्रत्येकाची एक तपासणी होते. वर्षाला झाल्या २,१९,००० तपासण्या. तपासणी ९९.९ टक्के बरोबर आहे असं धरू, म्हणजे हजारात फक्त एकदा खोटा इशारा. तरी वर्षाला २१९ खोटे इशारे! आणि खरे हल्ले किती? दहा वर्षांत एखादा, किंवा एकही नाही. मग दोनशे विसावा इशारा आला तर तुम्ही शहर बंद कराल का?

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये ह्यूस्टनच्या यंत्रांवर टुलारेमियाचे जंतू सापडले. धावपळ झाली, पण एकही पेशंट सापडला नाही. हा जंतू तिथल्या निसर्गात, सशा-उंदरांत आपला आपण राहतो. वारा सुटला, धूळ उडाली, फिल्टरवर बसली. पीसीआरला डीएनए ओळखता येतो. तो हल्लेखोराने टाकला की सशाने, आणि जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला सांगता येत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये डेन्व्हरला डेमोक्रॅटिक पक्षाचं मोठं अधिवेशन भरलेलं असताना असाच इशारा आला. अधिकाऱ्यांनी डोकं शांत ठेवून विचार केला, पेशंट कुठे दिसत नाहीत हे पाहिलं आणि गोळ्या वाटल्या नाहीत. त्यांचं बरोबर निघालं. २००३ ते २०१४ या काळात असे १४९ इशारे आले. त्यातला एकही हल्ला नव्हता.

म्हणजे यंत्र वाईट होतं का? मी म्हणेन, यंत्र त्याला सांगितलेलं काम करत होतं. पण त्याच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला अधिकाऱ्यांना शेवटी हॉस्पिटलांना फोन करून विचारावं लागे, 'तुमच्याकडे काही विचित्र पेशंट आलेत का?' ज्या माणसांच्या आधी कळावं म्हणून यंत्र बसवलं, खात्री करायला त्याच माणसांकडे जायचं! पुढे प्रयोगशाळाच यंत्रात बसवायची, माणूस-गाडी-फिल्टर काही नको, अशी तिसरी पिढी आणायचं ठरलं. खर्चाचा अंदाज निघाला ५८० कोटी डॉलर. चाचण्यांत ती नीट चालेना आणि एप्रिल २०१४ मध्ये ती रद्द झाली.

बरं, समजा इशारा आला, तो खरा निघाला, सगळ्यांना पटलं. पुढे? मॅडमचा प्रश्न इथे खरा सुरू होतो.

औषधांचा राष्ट्रीय साठा अमेरिकेने १९९९ पासूनच करून ठेवला होता. हुकूम निघाल्यापासून १२ तासांत कुठल्याही शहरात औषधं पोचावीत म्हणून तयार कंटेनर भरून गुप्त ठिकाणी ठेवलेले. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कला पहिल्यांदा हा साठा पाठवला तेव्हा तो सात तासांत पोचला. शाबास! पण विमानतळावर उतरलेली गोळी आणि माणसाच्या तोंडात गेलेली गोळी यांच्यात अख्खं शहर असतं. २००४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या शहरांना उद्दिष्ट दिलं की निर्णय झाल्यापासून ४८ तासांत सगळ्या लोकसंख्येच्या हातात गोळ्या पडल्या पाहिजेत. न्यूयॉर्कची वस्ती ८० लाख धरा. ४८ तासांतले १२ विमान-ट्रकमध्ये गेले. उरले ३६. म्हणजे तासाला सव्वादोन लाख माणसं, रात्री तीन वाजतासुद्धा. एका केंद्रावर तासाला हजार जण उरकले तरी सव्वादोनशे केंद्रं एकाच वेळी चालवायची. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये रविवारी फीस्टला चारशे जणांना वाढायला दोन तास लागतात आणि भांडणं होतात ती वेगळी.

यावर एक झकास कल्पना निघाली. सगळ्यात जास्त घरं कोणाला माहीत असतात? पोस्टमनला! मग गोळ्यांच्या बाटल्या पोस्टमननेच घरोघर टाकाव्यात, सोबत पोलीस द्यावा. सिएटल, फिलाडेल्फिया, बॉस्टनला याच्या चाचण्या झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी तसा आदेशही काढला. मे २०१२ मध्ये मिनियापोलिस-सेंट पॉल भागात रिकाम्या बाटल्या वाटून सराव झाला. ब्रेंटवूडमध्ये ज्यांची आठवण कोणाला राहिली नव्हती, त्याच खात्याच्या खांद्यावर शहर वाचवायचं काम द्यायचं ठरलं. हे काम त्यांनी स्वखुशीने घ्यायचं होतं, आणि पुढे आलेल्यांना स्वतःच्या घरच्यांसाठी गोळ्या आधीच देऊन ठेवल्या जात. योग्यच केलं. घरी आईला ताप आहे आणि मी दुसऱ्यांच्या दारात बाटल्या टाकतोय, असं कोण करेल?

गोळ्या हातात पडल्यावरही काम संपत नाही. २००१ मध्ये सुमारे दहा हजार जणांना ६० दिवस प्रतिजैविकं घ्यायला सांगितलं होतं. पूर्ण कोर्स केलेले निम्म्याहून कमी निघाले. आणि ही माणसं लिफाफ्याच्या आसपास वावरलेली होती, वर्तमानपत्रात वाचलेली नव्हे.

शिवाय निर्णय कोणी घ्यायचा? मे २००० मध्ये डेन्व्हरला एक लुटुपुटूचा सराव झाला होता. नाट्यगृहात प्लेगचे जंतू सोडले गेलेत असं धरून सगळ्या खात्यांनी आपापली कामं करून दाखवायची. चार दिवसांत कागदावर हजारो पेशंट आणि शेकडो मृत्यू झाले. निर्णय होत होते कॉन्फरन्स कॉलवर, आणि एकेका कॉलवर पन्नास ते शंभर माणसं! आपल्या गॅदरिंगची मीटिंग आठवा. तिथे पंधरा जणांत बँड ठरत नाही. शेवटी राज्याच्या सीमा बंद करायचा निर्णय झाला, तर आतल्या लोकांना अन्न कसं पोचवायचं हा नवा प्रश्न उभा राहिला.

याच देशात एकदा हे सगळं जमलेलंही आहे. १९४७ मध्ये मेक्सिकोहून बसने आलेला एक प्रवासी न्यूयॉर्कमध्ये देवी घेऊन आला. निदान व्हायला उशीर झाला, तो माणूस वारला, इतरांना लागण झाली. आरोग्य आयुक्त इस्राएल वाइनस्टाइन यांनी रेडिओवरून रोज लोकांना खरं काय ते सांगितलं आणि लस घ्यायला बोलावलं. महापौरांनी फोटोग्राफरसमोर बाही वर केली. हॉस्पिटलं, शाळा, पोलीस चौक्या, सगळीकडे रांगा लागल्या. महिन्याभरात साठ लाखांहून जास्त लोकांना टोचल्याचा त्या वेळचा आकडा आहे. एकूण पेशंट १२, मृत्यू २. ना सेन्सर, ना संगणक. पण शहराच्या आरोग्य खात्याकडे माणसं होती, आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

मग २०२० आलं. कोविड हा हल्ला नव्हे, पण तयारी तीच लागणार होती. २०१९ मध्ये जगातल्या देशांची या बाबतीत क्रमवारी लावली गेली तेव्हा अमेरिका पहिली आली होती. त्याच वर्षी तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 'क्रिमसन कंटेजन' नावाचा मोठा सराव घेतला. चीनमधून आलेला फ्लू शिकागोमार्गे देशभर पसरतो आणि ५,८६,००० माणसं मरतात, अशी गोष्ट रचलेली. सरावात काय दिसलं? कोणाच्या अखत्यारीत काय येतं यावर गोंधळ आणि मास्कचा तुटवडा. सहा महिन्यांत तेच प्रत्यक्षात झालं. राष्ट्रीय साठ्यातले सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क २००९ च्या स्वाइन फ्लूत वाटून झाले होते आणि ते पुरते भरलेच गेले नव्हते. २०२० च्या सुरुवातीला वापरण्याजोगे उरले होते सव्वा कोटीच्या आत. गरज लागेल असा अंदाज होता ३५० कोटींचा.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. फेब्रुवारी २०२० मध्ये सीडीसीने राज्यांच्या प्रयोगशाळांना पाठवलेलं कोविडचं किटच सदोष निघालं. शुद्ध पाणी तपासलं तरी पॉझिटिव्ह! आठवडे वाया गेले, आणि त्या आठवड्यांत विषाणू शहरांतून फिरत होता. जॅक्सनव्हिलला २००१ मध्ये जो दुवा भक्कम ठरला, तोच या वेळी तुटला. आणि स्थानिक आरोग्य खात्यांची अवस्था? राज्यांना आणि शहरांना अशा तयारीसाठी केंद्राकडून मिळणारा मुख्य निधी २००३ मध्ये सुमारे ९४ कोटी डॉलर होता, तो २०२० पर्यंत साडेसदुसष्ट कोटींवर आला होता. महागाई धरली तर कपात आणखी मोठी. काहीच घडत नाही तेव्हा या माणसांच्या पगाराची गरज कोणाला दिसत नाही, आणि ते नीट काम करतात तेव्हा तर काहीच घडत नाही. फिल्टर बसवताना निदान फोटो तरी काढता येतो.

असो. न्यूयॉर्कने काय केलं ते सांगून थांबतो, कारण सेमिनारमध्ये मला तेच सगळ्यात आवडलं. नव्वदच्या दशकातच तिथल्या आरोग्य खात्याने जुलाबाच्या औषधांच्या विक्रीवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. २००१ नंतर हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागांत कोण काय तक्रार घेऊन आलं, ताप की खोकला की उलट्या, याची रोज बेरीज व्हायला लागली. कोणाचं निदान होण्याची वाट बघायची नाही. नेहमीपेक्षा आकडा चढला की कोणीतरी फोन उचलून विचारायचं. खोटे इशारे यातही येतात, पण ही माहिती एरवीही कामाची असते. फ्लूची साथ कुठवर आली, उन्हाळ्यात कुठल्या भागात लोक चक्कर येऊन पडतायत, हे त्यातूनच कळतं. हल्ला झालाच नाही तरी ती वही फुकट जात नाही.

माझ्या सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर ब्लॉक डायग्राममध्ये पंप, फिल्टर, पीसीआर यांच्या शेजारी मी एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'मेडिकल दुकान'. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "याचा सॅम्पलिंग रेट काय?" मी म्हणालो, "सर, सकाळी नऊ ते रात्री नऊ. गुरुवारी बंद." मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. मार्क पडले पन्नासपैकी एकतीस.